वाचक विचारतात : थेंब पातळ बरा की दाट?

प्रश्न : मी सोलापूरलाच अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाईन काढते, दिवसभर स्क्रीन, डोक्यावर फॅन आणि वरनं हा उन्हाळा, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय. डॉक्टरांनी डोळे कोरडे पडलेत म्हणून कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स दिले, पण ते पाण्यासारखे, दहा मिनिटांत परत तेच. मेडिकलमधनं जेलवाले आणले तर ते टिकतात पण सगळं धूसर दिसतं. एवढा फरक कशाचा?

उत्तर : दाटपणाचा ताई, शाळेत विष्यंदिता म्हणून घोकलेली तीच ही व्हिस्कॉसिटी. पातळ थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीतनं भराभर नाकात उतरतो, दाट थेंब रेंगाळतो. मग आणखी दाट का नाही करत? तर अश्रूंचा थर असतो जेमतेम ३ मायक्रॉनचा आणि त्याच्यावरनं पापणी मिनिटाला पंधराएक वेळा सर्रकन फिरते (स्क्रीनपुढं बसलं की हे निम्म्यावर येतं, तुमचं अर्धं दुखणं तिथंच आहे), तिथं काकवी घातली तर पापणी ओढल्यासारखी होणार आणि थर सारखा पसरेपर्यंत नजर धूसर राहणार.

काकवी कितीही ढवळा, दाट ती दाटच. भिंतीच्या रंगाचं तसं नाही, ब्रश ओढला की पातळ होऊन पसरतो, ब्रश उचलला की परत घट्ट, म्हणून ओघळत नाही. खरे अश्रू या रंगाच्या जातीचे आणि सोडियम हायल्युरोनेटचे ड्रॉप्सही तसेच. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतलेले असतात, पापणी फिरली की गुंत्यातलं सूत ताणून सरळ व्हावं तसे एका दिशेला येतात, पापणी थांबली की पुन्हा गुंता. तुमच्या बाटलीवर कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज लिहिलं असेल तर तो कापसातल्या सेल्युलोजचाच भाऊबंद, ०.५ टक्क्याचा पातळ, १ टक्क्याचा जेलकडं झुकणारा.

तेव्हा डॉक्टरांना हायल्युरोनेटचं विचारून बघा. जेल झोपताना घाला, दिवसा नको. आणि एका वेळी एकच थेंब हो, डोळ्यात मावतं साधारण ३० मायक्रोलिटर आणि बाटलीचा एक थेंबच ३० ते ५०चा असतो, दुसरा थेंब म्हणजे गालावर पैसे. दिवसातनं चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. फॅनचं तोंड तेवढं आजच फिरवून घ्या.