दोन सुकाणू की दोन सुकाणवं? आणि ‘टो-इन’चं काय करायचं?

पवनी तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात चालणाऱ्या एका बोटीची देखभाल त्यांच्याकडे आहे. बोटीच्या पोटात दोन इंजिनं, मागे पाण्यात दोन पंखे आणि प्रत्येक पंख्यामागे एक सुकाणू, म्हणजे बोट वळवणारं पातं (इंग्रजीत रडर). सोबत आलेलं माहितीपुस्तक इंग्रजीत आहे आणि हाताखालच्या पोरांसाठी त्यांना एक पानभर मराठी सूचना लिहायच्या आहेत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सुकाणूचं अनेकवचन काय? ‘रडर अलाइनमेंट’ला काय म्हणावं? आणि ‘टो-इन’, ‘टो-आउट’ मराठीत कसं लिहावं?

अनेकवचनाचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो सहसा पडतच नाही. गलबत असो की मचवा, सुकाणू एकच. आपल्या वैनगंगेवरच्या डोंग्याला तर तेही नसतं, बांबूनं किंवा वल्ह्यानंच दिशा धरतात. त्यामुळे विदर्भात हा शब्द पाण्यातून आलाच नाही, वर्तमानपत्रातून आला. 2017 च्या शेतकरी संपात ‘सुकाणू समिती’ गावोगाव पोचली, तेव्हा सुकाणू म्हणजे नेमकी कोणती वस्तू हे विचारायची गरज कोणाला पडली नाही.

मूळ शब्द अरबी, ‘सुक्कान’. किनाऱ्यावर त्याचं सुकाणू झालं आणि तो नपुंसकलिंगी ठरला. नपुंसकलिंगी ऊकारान्त नामांच्या आपल्याकडे दोन चाली आहेत: पाखरू–पाखरं, लेकरू–लेकरं ही एक, आणि गळू–गळवं, आसू–आसवं ही दुसरी. दुसऱ्या चालीनं ‘सुकाणवं’ व्हायला हरकत नव्हती. पण विभक्ती लावून पाहा. ‘गळवाला’ म्हणतो, ‘आसवांनी’ म्हणतो, ‘सुकाणवाला’ मात्र कोणी म्हणत नाही. ‘सुकाणूला’, ‘सुकाणूवर’ असंच म्हणतो. शब्द एकवचनात विभक्तीपुढे हलला नाही, तर अनेकवचनात त्याला हलवायचा आग्रह कशाला? ‘दोन्ही सुकाणू’ लिहा आणि वचन क्रियापदावर सोडा: ‘सुकाणू वळलं’, ‘दोन्ही सुकाणू वळली’. (झाडीबोलीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या बोलीत, ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून तुमच्याकडची पोरं ‘सुकानू’ म्हणत असतील. हसू नका, अरबीच्या जास्त जवळ तीच आहेत.)

‘कर्ण’ वापरता येईल का, असंही त्यांनी जाता जाता विचारलं आहे. संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणूसुद्धा, ‘कर्णधार’ त्यातूनच आला. पण तुमच्या पानावर तो आणू नका. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे बघायला फॅब्रिकेशनवाले कर्ण मोजतात, ते भलतंच काहीतरी मोजून बसतील.

‘अलाइनमेंट’ हा शब्द टायरच्या दुकानामुळे सगळ्यांना कळतो, तो तसाच ठेवला तरी चालेल. मराठीच हवा असेल तर ‘संरेखन’ नको, ते सरकारी रस्त्याचं असतं. आपला वाढई चौकट ‘सुतात’ आणतो, तसं सुकाणू ‘सुतात लावणं’ म्हणा. एवढंच सांभाळा की लोखंडकामात ‘सूत’ हे मापही आहे, आठ सुतांचा एक इंच. ‘सुतात आहे’ आणि ‘दोन सूत आहे’ ही वाक्यं एका ओळीत येऊ देऊ नका.

आता खरी अडचण. टो-इन हा शब्द ट्रॅक्टरमुळे गावागावात माहीत आहे: पुढची चाकं समोरून किंचित आत (बाहेर असली तर टो-आउट), आणि ते टाय-रॉडवर कमीजास्त करायचं. तिथे गोंधळ होत नाही, कारण सगळे चाकाच्या पुढच्या कडेबद्दलच बोलतात. सुकाणूचं तसं नाही. त्याचा दांडा पात्याच्या मधोमध नसतो, पुढच्या कडेच्या जवळ असतो. त्यामुळे सुकाणू फिरलं की पुढची कड थोडीच सरकते आणि मागची बरीच. साहजिकच फरक दिसतो मागे, आणि मोजणाराही मागेच टेप लावतो. मग ‘टो-इन’ म्हटल्यावर एकजण पुढच्या कडा जवळ आणतो, दुसरा मागच्या. दोघांनाही आपण पुस्तकाप्रमाणेच केलं असं वाटतं आणि दोन्ही बोटी उलट-सुलट लागतात.

म्हणून माझं मत असं, की शब्दातच कड आली पाहिजे. ‘मागून फाकलेली’ आणि ‘मागून मिटलेली’. फाकणं हे क्रियापद आपल्याकडे रोजचं आहे, बैलाची शिंगं फाकलेली असतात, त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मापही त्यातच बसतं: ‘मागून दोन सूत फाक’, म्हणजे मागच्या कडांमधलं अंतर पुढच्या कडांमधल्या अंतरापेक्षा पाव इंच जास्त. दोन्ही अंतरं सारखी आली तर सुकाणू समांतर. किती फाक ठेवायची, किंवा ठेवायचीच का, हे बोट बांधणाऱ्यानं दिलेलं असतं, ते तसंच उतरवा. पंख्यानं मागे फेकलेलं पाणी पीळ घेत येतं आणि बोटीच्या बुडाखालचं पाणी मागे येताना वळतं. त्यामुळे दोन्ही सुकाणू अगदी समांतर असणं प्रत्येक बोटीला मानवत नाही. चुकीची फाक राहिली की वेग कमी होतो, बोट थरथरते, आणि पात्यावर खड्डे पडू लागतात.

याच कारणानं ‘रॉड वाढवा’ एवढीच सूचना लिहू नका. दोन सुकाणूंना जोडणारा रॉड ज्या आर्मना अडकवलेला असतो ते आर्म मागच्या बाजूला वळलेले असतील, तर रॉड वाढवल्यावर सुकाणू मागून फाकतात. आर्म पुढे असतील तर तोच रॉड वाढवल्यावर ती मागून मिटतात. ‘मागून फाक हवी तेवढी येईपर्यंत रॉड फिरवा, मग चेकनट आवळा’ असं लिहिलंत तर आर्म कुठेही असोत, वाक्य बरोबर राहतं. त्याआधी स्टिअरिंग मधोमध आणायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजून त्याच्या निम्मे मागे यायचं, हेही त्याच पानावर घाला.

टाय-रॉडला मराठी शोधू नका, ‘टाय-रॉड’च लिहा. त्या आर्मला मात्र पुस्तकात ‘टिलर आर्म’ म्हटलेलं असेल, तिथे ‘टिलर’ गाळा. धानाच्या मुलखात टिलर म्हटलं की पोरं बांधीतला पॉवर टिलर शोधायला जातील. ‘सुकाणूचा आर्म’ पुरे.