पैसे थांबले म्हणून मुलीची भेट थांबवायची का?

"तीन महिने त्याने एक रुपया दिलेला नाही. मग दर रविवारी मी मुलीला तयार करून त्याच्याकडे का पाठवायचं?" वेगळं राहायला लागलेल्या आया हे विचारतात, आणि बाबांचा प्रश्न याच्या उलट असतो: "मुलगी भेटूच देत नाहीत, तर पैसे कशाचे द्यायचे?"

खालचं उदाहरण एका घराचं नाही. अनेक घरांतले प्रसंग एकत्र करून ते मांडलं आहे.

पिंपरी-चिंचवडमधलं जोडपं. सात महिन्यांपूर्वी ती आठ वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली, तो दोघांच्या नावावरच्या फ्लॅटमध्येच राहिला. त्याचा हातात येणारा पगार ९२,००० रुपये, तिचा ४६,०००. गृहकर्जाचा ३८,००० चा हप्ता जॉइंट खात्यातून जायचा. तो खातं रिकामं करेल या भीतीने तिने बँकेला वाद असल्याचं लेखी कळवलं आणि बँकेने व्यवहार थांबवले. पुढच्या पाच तारखेला हप्ता परत गेला. दोघं सहकर्जदार असल्याने दंड दोघांच्या माथी आणि सिबिलवरचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरचा, डागही दोघांना. चिडून त्याने घरखर्चाचे पैसे बंद केले, तिने रविवारची भेट बंद केली.

तिची भीती खोटी नव्हती, क्रम चुकला होता. आधी कर्जाचा ऑटो-डेबिट फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या स्वतंत्र खात्यावर वळवायचा आणि एक हप्ता तिथून गेल्याची खात्री करायची. मग जॉइंट खात्यातल्या शिलकीचं स्टेटमेंट काढून ठेवायचं आणि त्यानंतरच खातं थांबवायचं. त्या खात्याला जोडलेली विजेची, विम्याची आणि एसआयपीची कपातही तपासायची. आरोग्य विम्याचा हप्ता चुकला तर मुलीचंच संरक्षण जातं, आणि नेमकं तेच कुणाच्या लक्षात येत नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. भेट आणि पैसा यांची अदलाबदल करू नका. न्यायालयही हे दोन वेगळे हक्क मानतं आणि दोन्ही मुलीच्या हिताशी बांधतं. पैसे येत नसतील तर त्यासाठी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली तो करता येतो. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं त्यासाठी आधीच जमवून ठेवावीत.

या दोघांनी अर्जाआधी कागद-पेन घेऊन मुलीचा महिन्याचा खर्च काढला. शाळेची फी वर्षाला ९६,०००, म्हणजे महिन्याला ८,०००. स्कूल बस २,५००, कथकचा क्लास १,५००, खाणं-कपडे-औषधं ६,०००. एकूण १८,०००. पगाराचं प्रमाण दोनास एक, म्हणून त्याचे १२,००० आणि तिचे ६,०००. निम्मं-निम्मं म्हटलं असतं तर तिच्यावर ९,००० आले असते, तेही निम्म्या पगारात. पैसे तीन तारखेपर्यंत, फक्त बँकेतून, "मुलीचा खर्च" असा शेरा लिहून. रोख दिलेले पैसे पुढे सिद्ध करणं अवघड जातं आणि भांडण तिथूनच पेटतं. दवाखाना, चष्मा, सहल असा ३,००० च्या वरचा खर्च आधी मेसेजवर कळवायचा, बिल पाठवायचं. तातडीच्या उपचाराला परवानगीची वाट पाहायची नाही.

भेटीला मात्र जास्त वेळ लागला, आणि तो द्यायलाच हवा. "रविवारी संध्याकाळी आणून सोडतो" या वाक्यात पाच वाजता की आठ, हेच ठरलेलं नव्हतं. ने-आण माहेरच्या फाटकाशी व्हायची आणि तिथे आजोबा जावयाला जाब विचारायचे. शनिवारपासून मुलीचं पोट दुखायचं. आईला वाटलं, तिकडे काहीतरी होतं. बाबांना वाटलं, हिला शिकवून ठेवलंय. मुलीशी वेगळं बोलल्यावर कळलं की तिला फाटकाची भीती वाटत होती.

म्हणून जागा आणि वारही बदलला. शनिवारी अकराला कथकचा क्लास सुटतो, बाबा तिथूनच तिला घेतात. आई तिथे थांबत नाही. पहिले सहा आठवडे फक्त दिवसभराची भेट, संध्याकाळी सहाला परत. वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर मेसेज. मुलगी रुळल्यावर एक आड एक शनिवारी मुक्काम. कपडे आणि ब्रश दोन्ही घरी वेगळे ठेवले, कारण विसरलेल्या फ्रॉकवरूनही वाद व्हायचे. फक्त दप्तर ये-जा करतं. मंगळवारी आणि गुरुवारी साडेसातला दहा मिनिटं व्हिडिओ कॉल असतो, आणि आई तेव्हा दुसऱ्या खोलीत असते. ताप आला तर भेट रद्द होत नाही, पुढच्या पंधरा दिवसांत भरून दिली जाते. परत आल्यावर पहिला अर्धा तास मुलीला काहीही विचारायचं नाही. "बाबांकडे कोण आलं होतं?" हे तर कधीच नाही. निरोप, फीची चिठ्ठी किंवा वकिलाचा कागद तिच्या हाती द्यायचा नाही.

मारहाण, दारू किंवा पळवून नेण्याची खरी भीती असेल तर भेटीबद्दलचं यातलं काहीच लागू होत नाही. तिथे कौटुंबिक न्यायालयाकडे देखरेखीखालची भेट मागावी. पण ती मागणी कारणांसह अर्जाने करावी, फोन न उचलून नाही.

फ्लॅटचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिला हिस्सा सोडायचा आहे, पण हक्कसोडपत्र केलं म्हणून कर्जातून नाव निघत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा बँकेला बांधत नाही. त्याच्या एकट्याच्या पगारावर बँक कर्ज चालू ठेवायला तयार झाली, तरच तिची सुटका. म्हणून संमतीने घ्यायच्या घटस्फोटाच्या अटींत क्रम असा लिहिला: आधी बँकेचं मुक्ततेचं पत्र, मग तिच्या हिश्श्याची रक्कम, शेवटी सही. हस्तांतर घटस्फोटाआधी करायचं की नंतर, यावर मुद्रांक शुल्क बदलू शकतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारायचं आहे. "मुलीसाठी पुढे काही मागणार नाही" ही ओळ तिने मसुद्यातून काढायला लावली. तो हक्क मुलीचा आहे, आईला तो सोडता येत नाही.

१८,००० चा आकडा दरवर्षी मे महिन्यात, शाळेची नवी फी कळली की, पुन्हा मांडायचा आहे. यंदाची दिवाळी लक्ष्मीपूजनापर्यंत आईकडे आणि पाडव्यापासून बाबांकडे, पुढच्या वर्षी उलट.