स्टेप २ ला मार्क कमी, सायकियाट्री मिळेल का?

प्रश्न: ताई, नागपूरला एमबीबीएस केलं. अमेरिकेत सायकियाट्री रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून मानसोपचाराचं स्पेशलायझेशन, करायचीय पण तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेत, स्टेप २ सीकेला २२४च आले. परत देऊ? इंटर्नशिपला विषारी औषध पिऊन आलेल्या पेशंटशी रात्ररात्र बोलत बसायचे, तेव्हाच ठरलं होतं.

उत्तर: परत देता येत नाही गं, एकदा पास झालं की मार्क वाढवायला पुन्हा बसू देत नाहीत. आणि जानेवारी २०२२ पासून स्टेप १ नुसती पास-नापास झालीय त्यामुळे सगळ्यांची नजर याच आकड्यावर जाते, रेसिडेन्सी देणारे काही प्रोग्राम तर तिथेच गाळतात, वाईट वाटतं पण आहे हे असं आहे. म्हणून आधीच्या बॅचचे आपल्याकडचे डॉक्टर जिथे लागलेत ते प्रोग्राम शोध, तिकडे सायकियाट्रीतच क्लिनिकल अनुभव घे, शिफारशीचं लेटर सायकियाट्रिस्टचंच हवं. जमलं तर स्टेप ३ आधीच दे. अर्ज सप्टेंबरमध्येच, उशीर नको. आणि पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहितात त्यात, मार्कांची रडगाणी नको, त्या कॅज्युअल्टीतल्या रात्रीबद्दल लिही, पोट धुऊन झाल्यावर पेशंट पहिलं काय बोलला, तू काय विचारलंस. पेशंटचं नाव-गाव मात्र अजिबात नको. मला तरी तुझ्या पत्रातली तीच ओळ सगळ्यात खरी वाटली.