आमचा फेरेट दिवसभर मेल्यासारखा झोपतो, उठला की अंगावर उड्या मारतो आणि मोजे पळवतो. हे नॉर्मल आहे का?

तुम्ही लिहिलंय की मँचेस्टरला शेजाऱ्यांकडून फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) घरी आणलाय, तो हाक मारूनही उठत नाही, आणि उठला की पाठीची कमान करून, तोंड वासून नाचत अंगावर येतो. सासूबाईंना वाटतंय तो पिसाळलाय. नाही हो, अजिबात नाही! तुम्ही सांगितलेलं जवळपास सगळं ठणठणीत फेरेटचं वागणं आहे. 'जवळपास' का म्हटलं ते पुढे सांगतो.

आम्ही लीड्सला राहतो आणि घरात बंड्या (नर) आणि चिंगी (मादी) आहेत. पहिली गोष्ट, कुत्र्या-मांजराचे आडाखे इथे लावू नका. मुंगसाचेही नकोत. घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा "अय्या, मुंगूस!" म्हणतोच, पण हा मुंगसाच्या नाही, पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हा माणसाळवला गेला. त्याला बिळात सोडायचं आणि ससे बाहेर हुसकवायचे, हे त्याचं काम. इकडच्या खेड्यांत अजूनही काहीजण असे ससे धरतात. म्हणजे हा बिळातला शिकारी. नजर बेताची, सगळा कारभार नाकावर.

झोपेचं म्हणाल तर दिवसातले १४ ते १८ तास हा झोपणारच. जास्त जाग पहाटे आणि संध्याकाळी. कधीकधी झोप इतकी गाढ लागते की उचलला तरी मान लटकते. चिंगीला मी अशी कितीतरी वेळा उचललीय. आधी मिशी हलते, मग एक लांबलचक जांभई, मग अंग थरथरतं. ही उठल्यावरची थरथर म्हणजे अंगात ऊब आणायचा प्रकार, थोड्या वेळात थांबते.

मात्र वय तीन-चारच्या पुढे असेल, उठल्यावर नजर शून्यात असेल, लाळ गळत असेल, पंजाने तोंड खरवडत असेल किंवा मागचे पाय ओढत असेल, तर ती झोप समजू नका. रक्तातली साखर उतरल्याची ही लक्षणं आहेत. स्वादुपिंडातल्या गाठीमुळे फेरेटना हा त्रास बऱ्याचदा होतो. बोटाने हिरड्यांना जरासा मध चोळा, घशात काही ओतू नका, आणि लगेच व्हेटला फोन करा.

आता तो नाच. कमान, आडव्या उड्या, फुललेली शेपटी, मध्येच सोफ्याच्या पायावर आपटणं, आणि सोबत कोंबडीसारखं 'कुक कुक कुक'. हे खेळायचं आमंत्रण आहे. तुम्हीही गुडघ्यांवर बसा, हात जमिनीवर थापटा, तो पळेल, परत येईल. आवाजाकडे लक्ष ठेवा. कुककुक म्हणजे मजेत आहे, फिस्कारलं म्हणजे 'पुरे आता', आणि किंकाळी म्हणजे भीती किंवा दुखणं. शेपटी एकटी पाहून निष्कर्ष काढू नका, ती आनंदातही बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलते आणि घाबरल्यावरही.

खेळात चावतो का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण लहान असेल तर चावणारच. आपापसात ते असेच चावत खेळतात, पण त्यांची कातडी जाड असते, आपली नसते. हात झटकन मागे ओढला की त्याला वाटतं सावज पळतंय. खेळ थांबवायचा, न ओरडता पाच मिनिटं पिंजऱ्यात ठेवायचं, रोज, न कंटाळता. डोकं पांढरं असेल किंवा कपाळावर पांढरा पट्टा असेल तर ऐकू येतंय का तेही तपासा, अशांत बहिरेपणा बराच असतो. बहिऱ्याला मागून अचानक हात लावला की तो दचकून चावतो. आधी हाताचा वास घेऊ द्या.

चोरी हा तर त्याचा पिढीजात धंदा. शिकार ओढून बिळात साठवायची सवय ती. बंड्याचं गोदाम सोफ्याच्या मागे आहे. आठवड्याला ते उपसतो तेव्हा मोजे, अर्धा बटाटा, रिमोट आणि कुकरची शिट्टी निघते. गोदाम उपसलं की तो शेजारी उभा राहून एकेक वस्तू परत नेतो. हसू येतं, पण रबराच्या बाबतीत हसू नका. कुकरची रिंग, इअरफोनची टोपणं, चपलेचा तळवा, खोडरबर, यांचे तुकडे तो गिळतो आणि आतडं बंद पडतं. खाणं सोडलं, उलटीचा उमाळा येतोय, शी होत नाही, तर सकाळची वाट बघू नका.

शी कोपऱ्यातच होते, उलटं चालत जाऊन. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर येतं, म्हणून ट्रे एका कोपऱ्यात पुरत नाही. तुळशीची कुंडी उंचावर ठेवा, नाहीतर माती हॉलभर होईल. वासासाठी सारखी आंघोळ घालू नका. अंगावरचं तेल गेलं की ते जास्त सुटतं आणि वास वाढतो. आणि दूध-पोळीचे लाड नकोत, हा निव्वळ मांसाहारी आहे.

शिंकतो का? हुंगताना धूळ गेली तर एखाददुसरी शिंक चालते. पण घरात कोणाला फ्लू असेल तर त्याला दूर ठेवा. आपला फ्लू त्याला होतो. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढला तो फेरेटांमध्येच.

शेवटी एक विचारायचं राहिलं, तो नर आहे की मादी? मादी असेल आणि तिचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर वसंत ऋतू लागायच्या आत व्हेटकडे जा. समागम झाला नाही तर ती महिनोन्महिने माजावरच राहते, त्या हार्मोनने हाडांमधला मगज रक्त बनवणं थांबवतो आणि जीव जाऊ शकतो. यावर इंजेक्शन किंवा इम्प्लांट मिळतं. आमच्या चिंगीला इम्प्लांट बसवलंय.