'दुहेरी अस्मिता' नको, उंबरठा हवा

प्रश्न : चित्रकार झरीना यांच्याविषयीच्या एका मजकुरात 'दुहेरी अस्मितेच्या उंबरठ्यावरची कलावंत' असं वाचलं. इथे 'अस्मिता' योग्य की 'ओळख'?

उत्तर : 'ओळख'. 'अस्मिता' मुळीच नको. गावाची अस्मिता, भाषेची अस्मिता, संघाची अस्मिता ऐकून कान किटले आहेत. 'अस्मि' म्हणजे 'मी आहे'. उत्तम पुरुष, एकवचन. त्याला 'ता' लागून नाम झालं. पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात ही अस्मिता पाच क्लेशांत घातली आहे : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. म्हणजे मिरवायची नव्हे, क्षीण करायची गोष्ट. अभिमानाचा अर्थ अलीकडचा; गुजरातीत कन्हैयालाल मुनशींनी 'गुजरातनी अस्मिता' लोकप्रिय केली. 'रूढ झाला तो अर्थ खरा' म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल : एकवचनी 'अस्मि' दुहेरी कशी होणार? दोघांनी 'आम्ही आहोत' म्हणायला संस्कृतात 'स्वः' हे वेगळं द्विवचनी रूप लागतं! 'ओळख' मात्र 'लक्ष्' धातूपासून आलेली. खुणेवरून जाणणं ते ओळखणं, आणि खुणा खुशाल दोन ठिकाणच्या असू शकतात. एवढं पुरे.

तुम्ही ज्याविषयी विचारलंच नाही तो शब्द खरा मोलाचा आहे : उंबरठा.

झरीना यांचा जन्म 1937चा, अलिगढचा. पुढे घरचे कराचीला गेले, त्या स्वतः न्यूयॉर्कला स्थिरावल्या, आणि 2020 मध्ये लंडनमध्ये वारल्या. 1999च्या 'होम इज अ फॉरेन प्लेस' या त्यांच्या संचात 36 काष्ठठसे, म्हणजे लाकडावर कोरून कागदावर छापलेली चित्रं, आहेत आणि प्रत्येकासोबत नस्तालिकात, म्हणजे उर्दूच्या वळणदार लिपीत, एक उर्दू शब्द. घर, उंबरठा, दार असे ते शब्द. चित्रं मोजक्या रेषांची, भूमितीतल्या आकृत्यांसारखी. बाईंचं पदवीशिक्षण गणिताचं होतं. तेव्हा मजकूर लिहिणाऱ्याला 'उंबरठा' सुचला हे उत्तमच झालं. आपल्याकडे देहलीदीपन्याय आहे. देहली म्हणजे उंबरठा. त्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि बाहेरही. मागच्या-पुढच्या दोन्ही पदांशी जोडल्या जाणाऱ्या शब्दासाठी हा न्याय सांगतात. अलिगढ आणि न्यूयॉर्क या दोहोंशी एकदम अन्वय लागणाऱ्या बाईंना तो तंतोतंत लागू पडतो.

आता व्युत्पत्ती. उंबरठ्यातला 'उंबर' म्हणजे आपलं उंबराचं झाडच, उदुंबर. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उदुंबर हा शब्द घराच्या उंबरठ्यासाठीच आला आहे. तरी काही जण नाक मुरडतात : उंबराचं लाकूड मऊ, त्याचा उंबरठा कोण करील? कोणी करो न करो, मान लाकडाच्या कठीणपणाचा नव्हताच. सोमयागात सदोमंडपाच्या, म्हणजे ऋत्विजांच्या बसायच्या मांडवाच्या, मध्यभागी उंबराचा खांब रोवत, त्याचं नाव औदुंबरी, आणि उद्गाता, म्हणजे सामगान करणारा ऋत्विज, त्याला स्पर्श करून साम गात असे. ज्या लाकडाला यज्ञात हात लावायचा, ते घराच्या तोंडाशी आडवं घालावं यात नवल कसलं? नाव त्या पावित्र्यातून आलं, असं माझं ठाम मत आहे.

राहिला 'ठा'. तो 'स्था'चा, म्हणजे 'उंबराची जागा', असं सांगतात ते मला अजिबात पटत नाही. उंबरठा ही लाकडाची जागा नाही, तो स्वतःच लाकूड आहे. मी 'उदुंबर-काष्ठ' असा समास मानतो. मधला 'क' गळाला आणि 'ष्ठ'चा 'ठ' झाला. अंगुष्ठाचा अंगठा, ओष्ठाचा ओठ, कोष्ठाचा कोठा याच वाटेने आले आहेत. नुसता 'उंबरा' म्हणतो तेव्हा आपण काष्ठ गाळतो, इतकंच.

आणि काष्ठ म्हटलं की पुन्हा झरीनाच. 2001चा 'डिव्हायडिंग लाइन' हा काष्ठठसा पाहा. भारत-पाकिस्तानची सीमारेषा काळी उमटली आहे, पण ती रेषा कोरलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खणून काढलं आहे. शाई लागते ती न कोरलेल्या उंचवट्याला. आजूबाजूला हत्याराच्या चुकार खुणाही तशाच उमटल्या आहेत. यावरून कोणी 'सीमारेषेवरची कलावंत' लिहू लागले तर त्यांनाही थांबवा. भूमितीतल्या रेषेला रुंदी नसते, तिच्यावर उभं राहायचं कसं? उंबरठ्यावर पाऊल मावतं. त्या वाक्यातली 'अस्मिता' तेवढी काढून 'ओळख' घाला, बाकीचं हलवू नका.