बायपासआधीच्या एमआरआयवरून काय कळतं, काय नाही

वडिलांचा ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते) ३० टक्के आहे, बायपासआधी हृदयाचा एमआरआय सांगितलाय आणि त्यावरून पुढे किती सुधारणा होईल ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं हे स्कॅन वाचतोय. हृदयाच्या स्नायूबद्दल बरंच कळतं. माणसाबद्दल मात्र त्याहून कमी.

रक्तपुरवठा तुटला की स्नायूचा काही भाग मरतो आणि तिथे व्रण उरतो. काही भाग जिवंत असतो, पण उपाशी असल्यामुळे आकुंचन पावणं थांबवतो. साध्या इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही हलत नाहीत. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारं द्रव्य शिरेतून देऊन दहा-एक मिनिटांनी चित्रं घेतात. तेव्हा व्रण पांढरा उजळतो आणि भिंतीच्या जाडीपैकी किती भाग मेलाय ते मोजता येतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नीट न हलणाऱ्या, पण व्रण अजिबात नसलेल्या भागांपैकी ७८ टक्के भाग रक्तपुरवठा पूर्ववत केल्यावर सुधारले. पाऊण जाडीहून जास्त व्रण असलेल्या ५८ भागांपैकी फक्त एक सुधारला. अवघड जातं ते मधल्या, अर्ध्यामुर्ध्या व्रणाचं. तिथे डोब्युटामिन या हृदयाचं आकुंचन वाढवणाऱ्या औषधाच्या कमी मात्रेवर तो भाग हलतो का, हे पाहून अंदाज थोडा पक्का होतो.

पण कृपा करून ‘व्रण जास्त, म्हणजे ऑपरेशन व्यर्थ’ असं ठरवू नका. ईएफ ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या १२१२ रुग्णांच्या ‘स्टिच’ चाचणीत दहा वर्षांत नुसत्या औषधांवरचे ६६ टक्के, तर औषधांसोबत बायपास झालेले ५९ टक्के रुग्ण दगावले. यातल्या ज्या ६०१ जणांची जिवंत स्नायूची तपासणी झाली होती, त्यांच्यात ती चांगली आलेल्यांनाच बायपासचा जास्त फायदा झाला, असं दिसलं नाही. (त्या तपासण्या एमआरआयच्या नव्हत्या, हेही खरं.) ईएफ न वाढताही बायपासमुळे पुढचा झटका टळू शकतो.

किडनीचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर एमआरआयआधीच सांगा. आणि ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांचा इको पाहून खचू नका. उपाशी स्नायूला सावरायला कित्येकदा महिने लागतात. सर्जनना एवढं जरूर विचारा: ज्या भागात व्रण कमी आहे, तिथल्याच धमनीला ग्राफ्ट (बायपाससाठी जोडायची रक्तवाहिनी) जोडता येणार आहे ना?