व्हॉट्सॲपवर आलेला जीआर खरा की खोटा, हे गुगलवर नेमकं कसं शोधायचं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: घरच्या ग्रुपवर कुठल्यातरी योजनेचा जीआर (शासन निर्णय) म्हणून पीडीएफ येते, तुम्ही गुगलवर बघता, दहा साईटवर तेच लिहिलेलं दिसतं म्हणून विश्वास ठेवता, आणि तरीही दोनदा फसलात.

मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. "हे आलंय बघा, भरायचं का?" असं म्हणत मोबाईल पुढे करणारं माणूस रोज एकतरी असतंच. त्यामुळे ही शोधाशोध माझ्या पोटापाण्याचाच भाग झाली आहे. यात मीही चुकलोय, ते पुढे येईलच.

आधी त्या दहा साईटचं बघू. दहा साईट म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. एकाने लिहिलं आणि नऊ जणांनी उचललं, असंच बहुतेक वेळा असतं. खात्री करायची तर त्या लेखातलं एखादं विचित्र वाक्य घ्या, शक्यतो टायपिंगची चूक असलेलं, आणि दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधा. अवतरणचिन्हं टाकली की गुगल तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पानं काढून देतं. "पात्र महिलांना लाभ मिळनार" मधला तो 'न' सगळीकडे तसाच सापडला, की समजायचं सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवलंय. मग तुम्हाला एकच गोष्ट तपासायची राहते. पहिल्याने हे कुठून आणलं?

बहुतेकांचं गाडं अडतं ते इथेच. आपण आपल्या प्रश्नाच्या भाषेत शोधतो. "लाडकी बहीण पैसे कधी येणार" असं टाकलं की त्याच भाषेत लिहिलेली पानं वर येतात, आणि त्या भाषेत लिहितात ते जाहिरातींवर चालणारे योजनावाले. मंत्रालयातला कक्ष अधिकारी असं लिहीत नाही. तो लिहितो "योजनेमध्ये सुधारणा करण्याबाबत". जीआरच्या शीर्षकाला 'बाबत'ची शेपटी बहुधा असतेच. म्हणून उत्तर ज्या कागदात असणार आहे त्या कागदाच्या भाषेत शोधा. तारीख वाढली का हे बघायचं असेल तर 'मुदतवाढ' टाका, अट काढली का हे बघायचं असेल तर 'अट शिथिल' किंवा 'वगळण्याबाबत' टाका. जुना निर्णय रद्द होऊन नवा आला असेल तर 'अधिक्रमित' हा शब्द सापडतो, आणि चूक दुरुस्त केली असेल तर 'शुद्धिपत्रक'. सोबत विभागाचं पूर्ण नाव द्या. एवढ्यानेच निम्मा कचरा गळतो.

उरलेला निम्मा गाळायला इंग्रजीत 'साईट' लिहून कोलन द्या आणि मोकळी जागा न सोडता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' लिहा, मग तुमचे शब्द. गुगल फक्त शासनाच्या पानांत शोधतं. केंद्राची योजना असेल तर नुसतं 'जीओव्ही डॉट इन' पुरतं. पण एक ध्यानात ठेवा, सापडलं नाही म्हणजे ते नाहीच असा अर्थ होत नाही. जुने कितीतरी शासकीय कागद नुसते स्कॅन करून टाकलेत, किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. आपल्याला तिथे मराठी दिसतं, पण गुगलला ते बऱ्याचदा नीट वाचता येत नाही. अशा वेळी गुगलला रामराम ठोकून थेट शासनाच्या संकेतस्थळावरच्या 'शासन निर्णय' या पानावर जायचं. तिथे विभाग आणि तारखेवरून शोधता येतं.

आणि सांकेतांकावरूनही. हा सांकेतांक फार कामाचा आहे आणि कुणी बघतच नाही. जीआरच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा सांकेतांक अमुक असा आहे, आणि हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. तो अमुक म्हणजे १८ आकडी नंबर. त्यातले पहिले आठ आकडे तारखेचे असतात: वर्ष, महिना, दिवस. कागदावर जीआर ऑगस्टचा आणि सांकेतांकात महिना ०२, असं दिसलं की मी तिथेच भुवया उंचावतो. मग तो नंबर संकेतस्थळावर टाकून मूळ फाईल उघडतो आणि शीर्षक जुळतं का बघतो. शीर्षक बघणं आवश्यक आहे, कारण दुसऱ्याच जीआरचा खरा नंबर खोट्या कागदावर चिकटवणारे महाभाग असतात. आणि पीडीएफऐवजी नुसता स्क्रीनशॉट आला, तोही शेवटचं पान कापलेला, तर तो मी वाचतसुद्धा नाही.

आता माझी चूक. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा जीआर २८ जून २०२४ चा. मी तो शासनाच्याच साईटवरून काढला, सांकेतांक जुळवला, प्रिंट काढून भिंतीवर चिकटवला. वयाची अट २१ ते ६०, कुटुंबाची पाच एकरांपेक्षा जास्त शेती नसावी, अर्जाची मुदत १५ जुलै. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाडीवरच्या एक मावशी आल्या, वय ६२. मी भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "मावशी, साठीच्या पुढे बसत नाही यात." बिचाऱ्या दहा रुपयांचा वडापाव खाऊन परत गेल्या. प्रत्यक्षात ३ जुलैलाच सुधारित जीआर निघाला होता. वय ६५ पर्यंत वाढवलं होतं, पाच एकरांची अट काढली होती, मुदत ३१ ऑगस्ट केली होती आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातूनही सूट होती. मला हे कळलं आठवड्यानंतर. मग गाडी काढून वाडीवर गेलो आणि अंगणात उभं राहून माफी मागितली. त्यांचा फॉर्म वेळेत भरला गेला, पण त्यांच्या सूनबाईंनी मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

माझ्या भिंतीवरचा कागद शंभर टक्के अस्सल होता, फक्त पाच दिवसांत शिळा झाला होता. खोटा कागद पकडणं त्या मानाने सोपं. खरा पण जुना कागद भल्याभल्यांना चकवतो. म्हणून जीआर सापडला की थांबायचं नाही. योजनेचं नाव आणि 'सुधारणा' असे शब्द टाकून परत शोधायचं, आणि गुगलच्या 'टूल्स'मधून काळ मागच्या महिन्यापुरता करायचा. सर्वांत नवा जीआर हाती आला की त्याच्या सुरुवातीला 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या जीआरची यादी असते. त्या यादीवरून मागे मागे जाता येतं. जुन्या कागदाला मात्र पुढचं काही माहीत नसतं.

शासनाच्या साईटवर मिळालंच नाही तर? एक शक्यता अशी, की मंत्रिमंडळाची नुसती मान्यता झालीय आणि जीआर निघायचाय. पेपरात 'सरकारचा मोठा निर्णय' छापून येतं ते बऱ्याचदा या टप्प्यावर. तोवर फॉर्म भरायला कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. दुसरी शक्यता, योजना केंद्राची आहे. तिथे पत्र सूचना कार्यालयाचं, म्हणजे पीआयबीचं संकेतस्थळ बघा. त्यांचा फॅक्ट चेकचा वेगळा विभागही आहे. तिसरी शक्यता तुम्ही ओळखलीच असेल.

कधी कधी खरं-खोटं असं सरळ वाटून निघत नाही. 'प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन योजना' हे त्याचं नामांकित उदाहरण. त्या नावाने फिरणारे मेसेज खोटे असल्याचं पीआयबी फॅक्ट चेकने सांगून झालंय, तरी दर काही महिन्यांनी त्याला नवी पालवी फुटते. का? कारण आजूबाजूला खऱ्या गोष्टी आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात शिंपीही आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. शिवाय जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्या आपापल्या निधीतून शिलाई मशीन देतात. म्हणून 'शिलाई मशीन योजना' असं शोधलं की या सगळ्यांची भेळ समोर येते. इथे "मशीन मिळतं का" हे विचारून भागत नाही. कोण देतंय, कुठल्या निधीतून आणि कुठल्या आदेशाने, असं विचारावं लागतं.

वेबसाईटचा पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते महत्त्वाचं. तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर सरकारी. 'महाराष्ट्र-जीओव्ही डॉट इन' असं मध्ये आडवी रेघ घातलेलं असेल तर ते कुणीही शे-पाचशेत विकत घेऊ शकतं. कुलपाचं चिन्हही काही सांगत नाही. तुमच्या आणि त्या साईटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. समोर चोर असला तरी कुलूप दिसतंच. बँकांच्या बाबतीत आता सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं होतं.

हल्ली गुगल सगळ्यांत वर स्वतःच उत्तर तयार करून देतं. मीही वाचतो, पण पानवाल्याला पत्ता विचारावा तितपत. योजनांच्या अटींत जुनं-नवं एकत्र कालवून अगदी ठामपणे सांगितलेलं मी पाहिलंय. खाली दिलेली लिंक उघडा आणि तारीख बघा.

फोटो-व्हिडिओंचं थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न त्याचा नाही. फोटोवर गुगल लेन्स चालवा, तो आधी कुठे आणि कधी येऊन गेलाय ते बहुधा कळतं. आमच्या ग्रुपवर २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुराचे फोटो दर पावसाळ्यात 'आत्ताचे' म्हणून येतात. पण हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. ती अफवा मोबाईलवरूनच पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच पुढे पाठवण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली. आज मेसेजवर दुहेरी बाण दिसतो तो अनेकदा पुढे ढकलला गेलाय याची खूण असते. तो बाण दिसला की मी आधी शोधतो, मग उत्तर देतो.

शेवटी, तुम्ही 'दोनदा फसलो' असं लिहिलंय. त्यात नुसती धावपळ झाली असेल तर सोडून द्या. पण कुठे ओटीपी दिला असेल किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. फोन लावताना व्यवहाराचा मेसेज समोर असू द्या, त्यातला क्रमांक विचारतात. आणि हो, १९३० हा नंबर तीनच्या पुढे शून्य असा नीट बघून डायल करा, 'हेल्पलाईन नंबर' म्हणून गुगलवर शोधायला जाऊ नका.